लाइट गेली की रेकॉर्डिंग!

किस्से कुणी ठरवून करत नाही. एक कॉम्प्युटर, एक ढोलकीवाला मेकॅनिक, एक किराणा दुकानदार आणि शेजारी पिठाची गिरणी, एवढं एका गल्लीत आणून ठेवलं की ते आपोआप साठत जातात, माळ्यावर रद्दी साठते तसे. परवा सलीम आला होता. चहा होईपर्यंत एक आठवला, चहा पिताना तीन, आणि तो जायला उठला तेव्हा दारात उभ्या-उभ्या आणखी दोन! सुनीता, म्हणजे माझी बायको, वैतागून म्हणाली, "लिहून काढा एकदाचं सगळं. दर वेळी मला दोनदा चहा टाकावा लागतो."

तर घ्या!

* * *

मी केजला टायपिंगचे क्लास चालवायचो. एसटीडी बूथवाल्यांनी काचेवर मोबाईलची कव्हरं टांगायला नुकतीच सुरुवात केली होती, ते दिवस. टाइपरायटरची खडखड फार दिवस टिकणार नाही हे मलाही कळलं होतं, म्हणून हिंमत करून कॉम्प्युटर घेतला. क्लासमध्ये धूळ फार, म्हणून तो घरी समोरच्या खोलीत मांडला. जोडून देणाऱ्या माणसानं जाता जाता एक सीडी हातावर ठेवली.

"सर, ह्यात गाणी बनवता येतात."

"ऐकता येतात, असं म्हण."

"ऐकता नाही हो, बनवता!"

झालं! मी तसाच चपला घालून सलीमच्या गॅरेजवर. सलीम म्हणजे जीप-ट्रॅक्टरचा मेकॅनिक, पण पंचक्रोशीत ओळख ढोलकीची. त्यानं आधी रॉकेलनं हात धुतले, मग साबणानं धुतले, आणि मगच माउसला बोट लावलं. स्क्रीनवर पट्टेच पट्टे होते. एका पट्ट्यावर आपला आवाज भरायचा आणि बाकीच्या पट्ट्यांवर रंगीत विटा आणून ठेवायच्या. निळी वीट म्हणजे ड्रम, हिरवी म्हणजे गिटार, पिवळी म्हणजे सॅक्सोफोन. अर्ध्या तासात सलीमच्या ढोलकीमागं अख्खा बँड उभा राहिला!

सलीमनं मागं वळून खोलीत पाहिलं. "सर, आपुन दोघंच हाव ना हितं? मग ही पंधरा मान्सं कोन वाजवायलीत?"

मग त्याची एक थाप चुकली. मी कंट्रोल आणि झेड दाबलं, चुकलेली थाप गायब! सलीमनं मला तीनदा ते करून दाखवायला लावलं.

"सकाळीच एका जीपचा बोल्ट पिरगाळून तोडलाय," तो म्हणाला. "तिथं हे बटन कुठं असतंय, सांगा!"

* * *

आता अप्पा. अप्पांशिवाय पुढचं काहीच समजणार नाही.

आमच्या घराला लागून दगडूअण्णांची पिठाची गिरणी आणि गिरणीच्या पलीकडच्या भिंतीला अप्पांचं किराणा दुकान. अप्पा साठीचे, कपाळावर भस्माचे पट्टे, डोक्यावर पांढरी टोपी. तीस वर्षं त्याच गादीवर बसून त्यांनी साखर तोलली आणि तोलता तोलता स्वतःची गाणी रचली. भक्तीचीच, पण दुकानदाराची भक्ती! "तराजू माझा रिकामा, देवा, तुझंच माप टाक" असली. गाणी पुड्यांच्या कागदावर लिहायची आणि सुतळीनं ओवून ठेवायची. आवाज असा की गूळ घ्यायला आलेली बाई गूळ विसरून उभी राहायची. फक्त लाइट गेली की अप्पाही गप्प व्हायचे. आम्हाला वाटायचं, पंखा बंद झाला की उकाड्यानं माणूस वैतागतच असेल.

त्या वर्षी पोळ्यानंतर अप्पांच्या गळ्यात गाठ निघाली. अंबाजोगाईच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, "जीव वाचेल, आवाजाचं काही सांगता येत नाही." ऑपरेशन दिवाळीच्या तोंडावर ठरलं.

अप्पा माझ्याकडं आले. खुर्चीवर बसले नाहीत, दारातच उभे राहिले.

"सर, तुमच्या त्या मशीनमधी आवाज राहतो म्हनं."

"राहतो की, अप्पा!"

"मग माझा ठिवा. सहाच गाणी हायेत. कार्तिकात कपिलधारच्या यात्रेला दरसाली जातो मी. औंदा मी गप बसलेला असन. निदान कॅसेट तरी वाजू द्या."

माझ्या तोंडातून "त्यात काय, अप्पा! चार दिवसांत करू!" असं निघून गेलं. चार दिवसांत! त्या वाक्यासाठी सुनीता आजही मला टोमणा मारते.

* * *

घोळ असा होता. लाइट असली की गिरणी चालू, आणि गिरणी चालू की माझी खोली, टेबल, माइक, सगळं घूं करत थरथरायचं. लाइट गेली की गिरणी बंद, गल्लीत मस्त शांतता, आणि कॉम्प्युटरही बंद!

तुम्ही म्हणाल, मग गिरणी उघडायच्या आधी करा. पण पूजा झाल्याशिवाय अप्पा तोंड उघडत नसत, आणि त्यांची पूजा उरकेपर्यंत गिरणीला रांग लागलेली असायची. संध्याकाळी करा म्हणाल, तर त्या गाठीपायी चारनंतर त्यांचा गळा बसायचा.

दगडूअण्णांना गिरणी थांबवा म्हणायची तर सोयच नव्हती. दिवसातून मिळायची तेवढी लाइट, आणि तेवढ्यात अख्ख्या गल्लीचं पीठ दळायचं. शिवाय गाण्याचं आणि दगडूअण्णांचं हाडवैर. गिरणीत जन्म गेल्यामुळं माणूस साधं बोलायचा तेसुद्धा पलीकडच्या गल्लीत ऐकू जाईल असं.

सलीमनं उपाय काढला. यूपीएस! लाइट गेल्यावर बारा मिनिटं कॉम्प्युटर चालणार. गिरणी बंद, मशीन चालू. बारा मिनिटांत एक गाणं!

मग काय, रोज आम्ही तिघं खोलीत तयारीत बसायचो, लाइट कधी जाते याची वाट बघत. लाइट गेली की सगळं केज कपाळाला हात लावायचं आणि आमच्या घरातून मोठ्यानं आरडाओरडा, "गेली! गेली!" सलीम ढोलकीवर झेप घ्यायचा आणि मी माउसवर.

एकदा गिरणीच्या दारातून दगडूअण्णांचा आवाज आला. ते रांगेतल्या बायांना सांगत होते, "ह्या सरांच्या घरी कावून इतका आनंद हाय, काय कळंना! लाइटबिल भरलं न्हाई का काय!"

* * *

खोलीत आवाज घुमत होता. सॉफ्टवेअरच्या मदतीच्या पानावर लिहिलं होतं की भिंतीवर जाड कापड टांगा. अप्पा म्हणाले, "कापड कशाला? माझ्याकडं बारदाना पडलाय." दुपारपर्यंत वीस रिकामी पोती आली. सलीमनं खिळे ठोकून चारी भिंती मढवल्या. खिडकीलासुद्धा पोतं लावलं. टाळी वाजवली तर आवाज जागच्या जागी विरला. अगदी स्टुडिओ!

लाइट गेली. "गेली! गेली!" दार लावलं. अप्पांनी डोळे मिटले, छातीभर श्वास घेतला, आणि...

आ...क्छी!

मग सलीम. मग मी. मग परत अप्पा. बारा मिनिटं तिघंही नुसते शिंकत होतो, डोळ्यांतून धारा! सुनीतानं दार उघडलं, आत डोकावली, आणि तीही शिंकत परत गेली.

वीसच्या वीस पोती मिरचीची होती!

अप्पांना वास कसा आला नाही, हे मी विचारलंच. ते नाक पुसत म्हणाले, "तीस वर्सं झाली सर. मला वाटतं, हवेला असाच वास असतो."

* * *

माइकवर "प" आणि "फ" म्हटलं की फुस्स व्हायचं. त्यावर उपाय म्हणून मी चहाची गाळणी माइकपुढं बांधली. त्या दिवशी चहात पत्ती आली म्हणून सुनीता खोलीत शिरली, आणि तिनं गाळणीपासून सुरुवात करून मिरचीची पोती, भिंतीतले खिळे, माझा स्वभाव आणि माझ्या घराण्यापर्यंत सगळं घेतलं. श्वास न घेता साडेतीन मिनिटं!

रेकॉर्डिंग चालू होतं.

सलीमनं दुसऱ्या दिवशी ते ऐकलं आणि त्याचे डोळे लकाकले. "सर, आजपातूर इतका साफ आवाज कुनाचाच आला न्हाई!" त्यानं खाली निळी वीट ठेवली, वर पिवळी ठेवली. "माझी गाळणी!" असं सुनीता म्हणाली की सॅक्सोफोन वाजायचा. कॅसेट गॅरेजमध्ये वाजली, तिथून गावोगाव माणसं नेणाऱ्या वडापच्या जीपमध्ये गेली. घाटनांदूरच्या एका माणसानं मला बसस्टँडवर थांबवून विचारलं, "ते गाळणीचं गानं तुमचंच का?"

मी घाबरत घाबरत सुनीताला सगळं सांगितलं. तिनं शांतपणे पूर्ण कॅसेट ऐकून घेतली आणि म्हणाली, "सगळ्यांच्या आवाजाला इको टाकता. माझ्याच आवाजाला कावून न्हाई टाकला?"

* * *

यूपीएसची आणखी एक खोड होती. लाइट गेली की ते दर पाच सेकंदांनी "टुं" करायचं. पहिल्या गाण्यात ते टुं असं काही भरलं की काढता येईना. मी वैतागलो, पण सलीम खरा कलावंत. दोन मिनिटं डोळे मिटून टुं ऐकत बसला आणि मांडीवर ताल धरला.

"सर, ह्याला सम धरा. बेटा एकदम वक्ताला पक्का हाय, आपल्या बँडवाल्यांपेक्षा लई बरा!"

आणि खरंच, त्यानं ढोलकी त्या टुंवर बसवली! प्रत्येक आवर्तनाला टुं बरोबर समेवर. ते ऐकून एका भजनी मंडळाच्या बुवांनी चौकशी केली, की हे वाद्य कुठं मिळतं आणि वाजवायला शिकायला किती दिवस लागतात.

* * *

इतकी मजा चालली होती, पण एक गोष्ट मला आतून खात होती. अप्पांचं एकही गाणं नीट होत नव्हतं.

दुकानात सोन्यासारखा गाणारा माणूस माइकपुढं आला की दुसऱ्या ओळीला सूर सोडायचा. तिसऱ्या ओळीला खाली घसरायचा. आम्ही माइक बदलला, पोती बदलली (या वेळी साखरेची!), अप्पांची बैठक बदलली. हेडफोनमधून त्यांना सूर द्यावा म्हटलं, तर त्यांनी तो दोन मिनिटांत टोपीसकट उतरवून ठेवला. म्हणाले, "डोक्याला शिकंजा लावून देवाचं नाव कसं घ्यावं?"

सलीमला सॉफ्टवेअरमध्ये आवाज वर-खाली करायचं बटण सापडलं. त्यानं उत्साहात अप्पांचा आवाज चार घरं वर नेला. स्पीकरमधून बालवाडीतलं पोर गायला लागलं! मग खाली आणला, तर रेडा बोलतोय असं वाटायला लागलं.

अप्पा ऐकत होते. "हे कोन?"

"तुम्हीच, अप्पा," सलीम ओशाळून म्हणाला.

"असं व्हय," अप्पा म्हणाले. "मला वाटलं ऑपरेशन झालं का काय!"

ते स्वतः हसले. आम्हाला हसता येईना. स्क्रीनवर त्यांच्या आवाजाची हिरवी रेघ वर-खाली पसरली होती. त्यांनी तिच्यावरून हलकेच बोट फिरवलं. "आपल्या बालाघाटाच्या डोंगरावानी दिसतंय की. इतकं हाय व्हय माझ्यात?"

ऑपरेशनला आठ दिवस राहिले होते आणि कॅसेटमध्ये घालावं असं एकही गाणं नव्हतं. सलीम अप्पांसमोर हसतखेळत वागायचा आणि गॅरेजवर गेल्यावर पाने-स्पॅनर फेकायचा.

* * *

आता शेवटचा. हा मी कुणाला सांगायला लागलो की सलीम उठून बाहेर जातो.

ते आठ दिवसही असेच गेले. दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं अप्पा ऑपरेशनला अंबाजोगाईला निघणार होते. आम्ही सकाळी दहापासून तयारीत बसलो. आणि लाइट जाईना! दिवाळी आली म्हणून वीज खात्याला उमाळा आला होता. आख्खं गाव खूश. गिरणीपुढं चकलीच्या भाजणीचे डबे घेऊन बायांची रांग पार माझ्या दारापर्यंत आलेली, आणि गिरणी घूं घूं घूं. बारा वाजले, एक वाजला, दोन वाजले. चारनंतर अप्पांचा गळा बसणार होता.

"डीपीचा फ्यूज काढून येऊ का, सर?" सलीम कुजबुजला.

अप्पांनी ऐकलं. "लोकाच्या सणात अंधार करून देवाचं गानं म्हनू का मी? बस खाली."

शेवटी मीच उठलो. गिरणीत गेलो. पिठानं पांढरेफटक झालेले दगडूअण्णा तोंडात सुपारी धरून उभे होते. मी त्यांच्या कानाशी ओरडून सगळं सांगितलं, गाठ, कॅसेट, उद्याची एसटी. त्यांनी माझ्याकडं पाहिलं, रांगेकडं पाहिलं, आणि सरळ खटका खाली ओढला.

घूं... ऊं... ऊं... आणि शांत. भर दिवाळीत, लाइट असताना, गिरणी बंद!

"आन्ना, माझी भाजणी अर्धी राहिली ना!" एक बाई ओरडली.

"कुनी शब्द काढला तर तिचं दळन आता पुढच्या दिवाळीला!" दगडूअण्णा गरजले. आणि तीस-पस्तीस बाया डबे काखेत धरून चिडीचूप उभ्या राहिल्या.

मी धावत आत आलो. लाल बटण दाबलं. सलीमची थाप पडली. अप्पांनी सूर लावला.

सूर दुसऱ्या ओळीला सुटला.

परत घेतलं. परत सुटला. तिसऱ्यांदा अप्पा मधेच थांबले. टोपी काढून मांडीवर ठेवली. कपाळावरचं भस्म घामानं ओघळलं होतं. मला त्यांच्या तोंडाकडं बघवेना.

"सापडंना, सर," ते म्हणाले. "हितं सूर न्हाईच."

मग ते गिरणीच्या भिंतीकडं बघत बसले. आणि एकदम उठले, दारात गेले.

"दगडू! गिरणी लाव!"

"काय?" दगडूअण्णांचा आवाज कौलं हलवून गेला. "आत्ता बंद कर म्हन्ता, आत्ता लाव म्हन्ता! येड लागलं का तुमाला?"

"लाव रे बाबा. लाव."

खटका वर गेला. घूं घूं घूं सुरू झालं. खोली थरथरायला लागली, टेबल, माइक, गाळणी, सगळं. अप्पा आत आले, पोतं बाजूला सारून गिरणीच्या भिंतीला पाठ टेकवून बसले आणि डोळे मिटले.

आणि गायले!

तसा सूर मी जन्मात ऐकला नाही. गिरणी आणि अप्पा एकच झाले होते! एक गाणं झालं, मी थांबवायला गेलो, तर सलीमनं माझा हात धरला. दुसरं झालं, तिसरं झालं. ना चूक, ना कंट्रोल झेड. सहाच्या सहा गाणी एका दमात! सलीमच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि थाप एक इकडची तिकडं झाली नाही. साडेतीन वाजता अप्पांनी डोळे उघडले. बाहेर रांगेतल्या बाया दळण संपलं तरी हललेल्या नव्हत्या. मी खुर्चीत बसून पोरासारखा रडलो, सांगायला लाज कसली!

ऑपरेशन झालं. अप्पा वाचले, आवाज गेला. आता ते पुडीच्या कागदावर लिहून बोलतात.

कार्तिकात कपिलधारला कॅसेट वाजली. अप्पा टोपी सावरत लाउडस्पीकरखाली बसले होते. एक म्हातारेबुवा डोळे मिटून शेवटपर्यंत ऐकत राहिले आणि मग मला विचारलं, "गानाऱ्याचं सोडा, पन मागं सूर कुनी धरलाय? जराबी हलला न्हाई!"

"आमच्या दगडूअण्णांनी," मी म्हणालो.

आता रोज लाइट आली की अप्पा दुकानात ती कॅसेट लावतात, आणि भिंतीपलीकडं गिरणी सुरू होते.

गेल्या वर्षी विजेच्या नव्या मोटारी विकणारा एक माणूस गिरणीवर आला होता. आवाज नाही, बिल निम्मं, दळण दुप्पट, वर जुनी मोटार बदलून घेतो म्हणाला. मी तिथंच डबा घेऊन उभा होतो. दगडूअण्णांनी सगळं ऐकून घेतलं, जुन्या मोटारीवर पिठाचा हात ठेवला आणि आख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं ओरडले,

"न्हाई जमायचं! मोटार बदलली तर आमचे अप्पा बेसूर व्हतील!"